क्लेमेंटाइन पॅडलफर्ड : स्वयंपाकघरातली बातमीदार

जन्म : २७ सप्टेंबर १८९८, कॅन्सस, अमेरिका.

शिक्षण : पत्रकारितेची पदवी, १९२१.

नोकरी : १९३६ पासून ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’, पुढे ‘धिस वीक’ या रविवार पुरवणीतही स्तंभ.

आजारपण : स्वरयंत्राचा कर्करोग. शस्त्रक्रियेनंतर श्वासासाठी गळ्यात नळी. त्यावर पट्टा बांधून, घोगऱ्या आवाजात त्या मुलाखती घेत राहिल्या.

कामाची रीत : स्वतः छोटं विमान चालवायला शिकल्या. गावोगावच्या गृहिणींच्या घरी जाऊन पाककृती टिपल्या. पाणबुडीतल्या खलाशांचं जेवणही चाखलं.

पुस्तक : ‘हाउ अमेरिका ईट्स’, १९६०.

निधन : १३ नोव्हेंबर १९६७.

महत्त्व : पाककृतीबरोबर ती देणाऱ्या बाईचं नाव-गावही त्यांनी छापलं. साध्या घरच्या रांधपाला बातमीचा मान मिळवून दिला, हीच त्यांची खरी कमाई.