चिक्कडपल्लीची मुले आणि शाळेचे व्यासपीठ

डिसेंबर सरत आला की हैदराबादच्या शाळांतून स्नेहसंमेलनांची लगबग सुरू होते. कोणी लेझीमचा ताफा तयार करतो, कोणी नाटुकले बसवितो, कोणी विज्ञान-प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याचे धरण बांधून त्यावर निळा रंग चढवितो. मग एका संध्याकाळी मांडव पडतो, पाहुणे येतात आणि बक्षिसांची यादी वाचली जाते. घरी परतताना आईबापांच्या बोलण्यात एकच प्रश्न असतो, ‘आपल्या मुलाने ह्या वर्षी काय मिळविले?’

प्रश्न रास्तच आहे. परंतु यशाच्या ह्या यादीत एक रकाना नेहमी सुटलेला असतो. मूल व्यासपीठावर उभे राहिले ते कोणत्या भाषेत, आणि दुसरे मूल आपल्या भाषेत बोलावयास उठले तेव्हा ह्याने ते ऐकून घेतले की नाही, हे तीत कोठेच लिहिलेले नसते. आपल्या शहरात ह्या सुटलेल्या रकान्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातील सर्वांत बोलका प्रसंग मराठी मंडळींनी उभारलेल्या एका शाळेच्याच सभागृहात घडलेला आहे.

तीन स्थानकांची वाट

फेब्रुवारी २०२० मध्ये मेट्रोचा हिरवा मार्ग सुरू झाला. त्यावर चिक्कडपल्ली, नारायणगुडा आणि सुलतान बाजार ही तीन स्थानके लागोपाठ येतात. पाचदहा मिनिटांचा हा प्रवास म्हणजे येथल्या मराठी घरांच्या शिक्षणाचा जणू नकाशाच होय.

चिक्कडपल्ली हे नावच मोठे घरगुती आहे. ‘चिक्कड’ म्हणजे चिखल आणि ‘पल्ली’ म्हणजे गाव. हुसेनसागराच्या खालच्या अंगाची ही दलदलीची जागा, म्हणून हे नाव पडले असे जुनी माणसे सांगत. आपल्याकडील ‘चिखली’ हे त्याचेच भावंड म्हणावयास हरकत नाही. आज येथे चिखल नाही. आहे ती आर. टी. सी. चौरस्त्याकडील सिनेमागृहांची गर्दी, त्यागराय गानसभेतील संगीताच्या बैठका, आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांनी सकाळपासून भरून जाणारे शहर मध्यवर्ती ग्रंथालय. ह्या वस्तीतील मुलांच्या शाळेच्या वाटा मात्र बहुधा पुढल्या दोन स्थानकांकडेच वळत आल्या आहेत. नारायणगुड्यात केशव मेमोरियल, आणि सुलतान बाजारातून पुढे जांबागेकडे वळले की विवेकवर्धिनी.

विवेकवर्धिनीची स्थापना १९०७ ची. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक ही तिच्या उभारणीतील प्रमुख नावे. कोरटकर हे वसमत तालुक्यातील, त्या वेळच्या परभणी जिल्ह्यातील. वकिलीत नाव मिळवून ते पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. ते १९३२ साली वारले, आणि त्यांचे पुत्र बॅरिस्टर विनायकराव विद्यालंकार ह्यांच्या पुढाकाराने १९४० साली केशव मेमोरियल शाळा निघाली.

त्या काळी शाळा काढणे ही साधी गोष्ट नव्हती. निजामाच्या सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलंगणाचे, पाच मराठवाड्याचे आणि तीन कर्नाटकाचे. जवळजवळ निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, सुमारे पाव हिस्सा मराठी. राज्यकारभार मात्र उर्दूतून चाले, आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. जाहीर सभेला सरकारची आगाऊ परवानगी लागे. ‘गश्ती नंबर ५३’ हे शब्द उच्चारले की त्या पिढीतील कार्यकर्त्यांच्या कपाळावर आठी उमटे. अशा राज्यात शाळेची वक्तृत्वसभा, गणेशोत्सवातील मेळा आणि संमेलनातील नाटक ह्यांना निव्वळ करमणुकीपलीकडचे मोल होते. चार माणसांत उभे राहून आपले म्हणणे मांडावयास शिकण्याची ती जवळजवळ एकमेव मोकळी जागा होती. विद्यार्थ्यांचे ‘उपक्रम’ ह्या शब्दामागे तेव्हा एवढे वजन होते.

त्या सभेत काय घडले

आता तो प्रसंग. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम राज्यातील सामाजिक सुधारणा परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजीत भाषणे झाली, उर्दूत झाली, मराठीतही झाली. त्यानंतर आलमपल्ली वेंकटरामाराव हे तेलुगू गृहस्थ एका ठरावावर बोलावयास उठले आणि आपल्या मातृभाषेत, म्हणजे तेलुगूत, बोलू लागले. सभेतील मराठी श्रोत्यांनी गलका केला. हुर्यो झाली. वक्त्याला भाषण पुरे करता आले नाही.

ह्यातील विसंगती ध्यानात घ्यावयास हवी. राज्यात उर्दूपुढे आपल्या भाषेला मान नाही, ही खंत उराशी बाळगूनच मराठी मंडळींनी शाळा उभारली होती. अध्यक्षस्थानी बसलेल्या कर्व्यांनी पाचच वर्षांपूर्वी, १९१६ साली, मातृभाषेतून शिक्षण देणारे महिला विद्यापीठ स्थापन केले होते. आणि त्यांच्याच समोर राज्यातील सर्वांत मोठ्या भाषेला खाली बसविण्यात आले! ज्यांना आपले ऐकले जावे असे वाटत होते, त्यांनाच दुसऱ्याचे ऐकवेना.

दुखावलेले तेलुगू तरुण त्याच रात्री एकत्र जमले. जमलेले मूठभरच होते, पण त्या बैठकीतून आंध्र जनसंघ जन्मास आला. माडपाटी हनुमंतराव आणि बुर्गुल रामकृष्णराव ही त्यातील ठळक नावे. ह्याच संघातून पुढे निजाम राष्ट्र आंध्र महासभा वाढली आणि १९३० साली जोगीपेठ येथे सुरवरम प्रतापरेड्डी ह्यांच्या अध्यक्षतेखाली तिचे पहिले अधिवेशन भरले. वाचनालये निघाली, शाळा निघाल्या. १९२८ साली माडपाटींच्या प्रयत्नाने तेलुगू माध्यमाची मुलींची शाळा सुरू झाली. नारायणगुड्यातील त्यांच्या नावाची कन्याशाळा ती हीच. चिक्कडपल्लीच्या मराठी घरांतून निघणारी मुले शाळेला जाताना जिच्यावरून जात आली, ती ही शेजारीण आपल्याच सभागृहातील एका गलक्याच्या पोटी आलेल्या चळवळीची लेक आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? माडपाटी पुढे हैदराबादचे महापौर झाले आणि बुर्गुल १९५२ साली मुख्यमंत्री. बुर्गुलांचे शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले होते, हेही येथे नमूद करावयास हवे. मराठीशी त्यांचे वैर नव्हते. त्यांचा सवाल मानाचा होता.

खरी बक्षिसे

ह्या कथेचा दुसरा, अधिक सुखद भागही आहे. १९३८ च्या अखेरीस उस्मानियाच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून विद्यार्थ्यांवर कारवाई झाली, आणि ते लोण औरंगाबादपासून हनमकोंड्यापर्यंत पसरले. शिक्षणाची दारे बंद झालेल्या शेकडो मुलांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. तेलुगू, मराठी, कन्नड मुले एकाच गाडीने शिकावयास गेली. त्यांतील एक पी. व्ही. नरसिंहराव. मराठी मुलखातील शिक्षणाने त्यांना मराठी इतकी अवगत झाली की हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी त्यांनी ‘अबला जीवितम्’ ह्या नावाने तेलुगूत नेली. १९९१ साली ते पंतप्रधान झाले हे सर्वांना माहीत आहे. मराठी विधवेचे दुःख त्यांनी तेलुगू वाचकांपर्यंत पोहोचविले, ही गोष्ट मात्र आपल्या घरांतूनही क्वचितच सांगितली जाते.

उलट दिशेने गेलेले सेतुमाधवराव पगडी. जन्म १९१० चा, निलंग्याचा. शिक्षण संपवून ते निजाम सरकारच्या नोकरीत शिरले. उर्दूतील गालिब आणि इकबाल त्यांनी मराठीत आणले, आणि आदिलाबादच्या रानात हिंडून गोंडी व कोलामी ह्या भाषांची व्याकरणे लिहिली. लिपी नसलेली भाषाही कान देऊन ऐकण्याजोगी आहे, हे ह्या हैदराबादी मराठी माणसाने दाखवून दिले.

आणि नरहर कुरुंदकर! वसमतकडच्या कुरुंद्याचा हा मुलगा येथल्या सिटी कॉलेजात शिकला. उस्मानियातील मराठीचे विद्वान प्राध्यापक ना. गो. नांदापूरकर हे त्यांचे मामा. इंटरच्या परीक्षेने ह्या विद्यार्थ्याला पुष्कळ रडविले, पण वाचन आणि वाद थांबले नाहीत. पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य म्हणून आणि विचारवंत म्हणून महाराष्ट्राने त्यांना ऐकले. गुणपत्रिकेने ज्याला मागे ठेवले त्याला बोलण्याने आणि ऐकण्याने पुढे नेले. मुलांच्या यशाची यादी करताना हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

आता पाळी आपली

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण येथेच राहिलो. ज्या सभागृहात आपली संख्या गलका करण्याइतकी होती, त्याच शहरात आपण अल्पसंख्य झालो. त्याच वर्षी राज्यघटनेत ३५० (क) हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर आली. कागदावरील आधार चांगलाच आहे. पण मराठी माध्यमाचे वर्ग रोडावले ते केवळ सरकारमुळे नव्हे. आपणच मुलांचा हात धरून त्यांना इंग्रजी शाळेच्या दाराशी नेले, हे प्रामाणिकपणे मान्य करावयास हवे.

तेलंगणाने २०१८ साली कायदा करून सर्व शाळांत दहावीपर्यंत तेलुगू हा विषय टप्प्याटप्प्याने सक्तीचा केला. त्याबद्दल काही घरांतून कुरकूर ऐकू येते. १९२१ ची हकीकत ज्याला ठाऊक आहे त्याने ही कुरकूर जरा जपूनच करावी. चिक्कडपल्लीतील मराठी मूल तेलुगू उत्तम शिकले तर ते शंभर वर्षांपूर्वीचे एक देणे फेडते आहे, असे समजावे. चिंता करावयाची ती निराळ्या गोष्टीची. आज हे मूल वर्गात इंग्रजी, मैदानावर तेलुगू आणि गल्लीत दखनी हिंदी सहज बोलते. मराठी मात्र आजीशी, तीही अर्धीमुर्धी. ह्यात मुलाचे अपयश नाही. मराठीत उभे राहून बोलण्यासाठी आपण त्याला जागाच ठेविलेली नाही.

ही जागा संमेलनात करता येईल, आणि त्यास फारसा खर्चही नाही. वक्तृत्वस्पर्धेत एक फेरी अशी ठेवावी की प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या भाषेत पाच मिनिटे बोलावे, आणि दुसऱ्या भाषेच्या मुलाने त्याचा सारांश आपल्या भाषेत सांगावा. बक्षीस दोघांना मिळून द्यावे, बोलणाऱ्याला जितके तितकेच ऐकणाऱ्याला. एक भिंतीपत्रक पंचभाषी काढावे. आपल्या मराठी साहित्य परिषदेच्या नियतकालिकाचे नावच ‘पंचधारा’ आहे, तेव्हा ही कल्पना काही परकी नव्हे. इतिहासाच्या तासाला मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून जुन्या हैदराबादी मराठीतील शब्द टिपून आणावेत. दखनीतला ‘नक्को’ आपल्या ‘नको’वरून आला, आणि ‘मैंच’, ‘वैसाच’ ह्यांतील ठसक्याचा ‘च’ही आपलाच, हे समजले की मुलांचे डोळे कसे चमकतील! गल्लीतल्या मित्राच्या तोंडी आपलीच भाषा अर्धी वसली आहे, हा शोध कोणत्याही प्रश्नपत्रिकेत बसणारा नाही.

विज्ञान-प्रदर्शनाचे पदक आणि दहावीचे गुण ह्यांचे कौतुक जरूर व्हावे. मुलांचे कष्ट त्यात असतात. तथापि बक्षीस समारंभ संपल्यावर घरी परतताना आपण एक प्रश्न अधिक विचारावा, ‘आज तू कोणाचे ऐकलेस?’ मूल जर म्हणाले की शेजारच्या बाकावरील मुलीचे तेलुगू भाषण मला सारे कळले, आणि माझे मराठी तिला मी समजावून सांगितले, तर १९२१ च्या त्या सभेत अर्धवट राहिलेले भाषण कोठेतरी पुरे झाले असे मानावयास हरकत नाही. येत्या संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यासाठी दहा मिनिटे मोकळी ठेवणे चिक्कडपल्लीच्या पालकांना खासच जमण्याजोगे आहे.