साहेबांच्या नळालाही टायफॉइड

विलायतेत नळाचे पाणी शुद्धच असणार, असे आपण धरून चालतो. लंडनलगतच्या क्रॉयडनमध्ये १९३७ साली त्याच पाण्यातून टायफॉइड पसरला आणि ४३ जीव गेले. ॲडिंग्टनच्या विहिरीत दुरुस्ती चालली होती. त्या काळात पाणी गाळणे आणि क्लोरीन घालणे बंद. नळ मात्र चालूच! आत उतरलेल्या एका कामगाराला पूर्वी टायफॉइड होऊन गेला होता. दिसायला ठणठणीत, पण पोटात जंतू. त्या कष्टकऱ्याला आम्ही दोष देत नाही. तपासणी करणे नगरपालिकेचे काम होते. (वस्तीत पाइपलाइन खोदली की आम्ही म्हणूनच पाणी उकळून पितो.) रहिवाशांनी समिती स्थापून जाहीर चौकशी मागितली. चौकशीत उघड झाले, की विहिरीतल्या कामाची खबर आरोग्य अधिकाऱ्यालाच नव्हती.