भाव कोसळतात तेव्हा नेमकं काय घटतं?

मराठी पाठ्यपुस्तकांनी भाववाढीला ‘चलनवाढ’ म्हटलं आणि भाव पडण्याला ‘चलनघट’. शब्द सुटसुटीत आहेत, पण त्यांच्या पोटात कारणही ठासून भरलंय: चलन वाढलं की महागाई, घटलं की स्वस्ताई. निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात.

त्याआधी एक साधा घोळ मिटवू. ‘महागाई दर घटला’ अशी बातमी आली की घरोघरी विचारलं जातं, मग किराण्याचं बिल का उतरलं नाही? दर सहा टक्क्यांवरून तीनवर आला म्हणजे शंभराची वस्तू १०६ ऐवजी १०३ रुपयांना झाली. भाव चढतच आहेत, फक्त दमानं. खरी भावघट म्हणायची तर हा दर शून्याच्या खाली जावा लागतो, तोही एका भाजीचा नव्हे, सगळ्या भावांचा मिळून, आणि तिथे काही काळ टिकावा लागतो.

आता ‘बाजारातला पैसा काढून घेतला की भाव आपोआप पडतात’ ही समजूत. तिची आपल्याकडे झाली तितकी मोठी परीक्षा क्वचितच कुठे झाली असेल. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री मूल्याच्या हिशेबानं ८६ टक्के नोटा बाद झाल्या. ऑक्टोबरात सव्वाचार टक्क्यांच्या आसपास असलेला किरकोळ महागाईचा दर डिसेंबरात साडेतीनच्या जरा खाली आला, पुढच्या जूनमध्ये दीडच्या आसपास. शून्याखाली गेलाच नाही. कारण पैसा म्हणजे केवळ नोटा नव्हेत. खात्यातली शिल्लक जागेवर होती, आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारानं वही उघडून उधारी लिहायला सुरुवात केली होती. ज्याचा माल नासतो आणि रोखीनं विकला जातो, तो भाजीवाला शेतकरी मात्र या वहीत बसत नव्हता. त्याचे भाव पडलेच.

त्याच हंगामात तूरही कोसळली, पण तिचं कारण वेगळं. २०१५मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली होती. ते पाहून पेरा वाढला, पाऊस मनासारखा झाला, त्यात बाहेरून आलेल्या डाळीची भर पडली. हमीभाव क्विंटलला ५०५० रुपये असताना मराठवाडा-विदर्भातल्या बाजारांत तूर चार हजारांच्या आसपास आणि त्याखालीही विकली गेली. ही चलनघट नव्हे. हा मालाचा लोंढा. आपल्यासारख्या देशात असा लोंढा सगळ्या निर्देशांकाला खाली ओढू शकतो, कारण २०१२ पायाभूत वर्ष धरलेल्या किरकोळ निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजन जवळपास ४६ टक्के होतं. ऑक्टोबर २०२५मध्ये खाद्यपदार्थांचा दर उणे पाचपर्यंत घसरला आणि एकूण महागाई पाव टक्क्यावर आली. मागणी आटून नव्हे, मुख्यतः ताटातल्या पदार्थांमुळे.

‘घाऊक दर उणे झाला, म्हणजे स्वस्ताई आली’ हा असाच एक भ्रम. नोव्हेंबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात घाऊक महागाई दर शून्याखाली होता. जून २०१४मध्ये पिंपाला ११० डॉलरच्या वर असलेलं कच्चं तेल जानेवारी २०१६मध्ये ३० डॉलरच्या खाली घसरलं होतं. किरकोळ महागाई मात्र पाच टक्क्यांच्या आगेमागे चालूच होती. शाळेची फी, डॉक्टरचं बिल, घरभाडं घाऊक निर्देशांकात येतच नाही, मग तो उतरला म्हणून तुमचा खर्च का उतरावा?

मग चलन आवळल्यानं भाव पडतात हे सपशेल खोटं का? नाही. त्याचं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे, फक्त ते महामंदीच्या धड्याखाली दडून गेलंय. १९२७मध्ये रुपयाचा दर कायद्यानं १८ पेन्स ठरला. मुंबईचे उद्योगपती पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी चलनव्यवस्थेसाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगात भिन्नमतपत्रिका जोडून १६ पेन्सची बाजू मांडली होती. दोन पेन्सचा फरक किरकोळ वाटतो, म्हणून हिशेब करून पाहा. एका पौंडाचे तेव्हा २४० पेन्स होत. परदेशात एक पौंडाला विकलेल्या कापसाचे १६ पेन्सच्या दरानं १५ रुपये येतात. १८च्या दरानं १३ रुपये ५ आणे ४ पै. हा चढा दर टिकवायला सरकार चलन आखडत राहिलं, आणि तेवढ्यात १९२९नंतर जगभरच शेतमालाचे भाव गडगडले. बाहेरून मार, आतून आवळलेली दोरी. दोन-तीन वर्षांत शेतमालाचे भाव निम्म्याच्या जवळ आले. जानेवारी १९३०मध्ये गांधीजींनी मांडलेल्या अकरा मागण्यांत मिठाच्या जोडीला १६ पेन्सचा दर आणि निम्मा शेतसाराही होता. मीठ तेवढं आपल्या लक्षात राहिलं.

राहता राहिला सर्वांत चिवट समज: ‘भाव पडले तर गरिबाचं भलंच.’ रोजंदारी टिकली तर ज्वारी स्वस्त झाल्याचा फायदा मजुराला होतो, हे खरं. पण देणं रुपयांत ठरलेलं असतं, ते भावाबरोबर उतरत नाही. सावकाराच्या शंभर रुपयांसाठी आधी दहा पोती पुरायची, भाव निम्मे झाले की वीस लागतात. शेतसाऱ्याचंही तेच. तुरीच्या त्या हंगामानंतर, १ जून २०१७ला पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला तेव्हा पहिली मागणी स्वस्त खताची नव्हे, कर्जमाफीची होती.

महामंदीतही देण्याचा हाच भार दिसला. १९३१च्या सप्टेंबरात ब्रिटननं सुवर्णमान सोडला, म्हणजे पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडवली. पौंडाला बांधलेल्या रुपयात सोन्याचा भाव चढला, आणि खेड्यापाड्यांतले दागिने सराफांमार्फत मुंबईच्या बंदरात येऊन बोटींवर चढू लागले. सरकारी बाजूनं याला नफ्याची विक्री म्हटलं. काहींना नफा झालाही असेल. पण पाटल्या मोडून सारा भरणाऱ्याच्या हिशेबात ती रक्कम देण्याच्याच रकान्यात पडली होती.