चौकातली देवी

बँकेच्या कॅलेंडरवरच्या लक्ष्मीखाली बसून मी कर्जं मंजूर करीत असे. हातातून नाणी सांडणारी, दागिन्यांनी मढलेली. देवी म्हणजे अशीच, हा समज १९९० च्या दशकात डहाणूला बदली होईपर्यंत टिकला.

तिथं एका वारली लग्नघरी गेरूनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानं लिहिलेला देवचौक पाहिला. मधोमध पालघट देवी. अंगावर दागिना नाही की हातात नाणं नाही. शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. वारली माणूस चित्र 'काढत' नाही, 'लिहितो'. आणि लग्नाचा चौक लिहायचा तो सवाशिणींनीच. त्याशिवाय लग्न लागत नाही.

१९७० च्या दशकात ही चित्रं कागदावर आली, विकली जाऊ लागली आणि पुरुषही ती लिहू लागले. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ती सार्थच होती. कुडावर लिहिणाऱ्या सवाशिणींची नावं मात्र कुठंच लिहिली गेली नाहीत.

इतरांना कशाला बोल लावू? चित्रांच्या धंद्यासाठी मी मंजूर केलेल्या कर्जांचे अर्जदार सगळे पुरुषच होते. जिनं देवी लिहिली, तिचा साधा अंगठासुद्धा मी कधी मागितला नाही.