एका सरकीएवढी ओढ

नरडाण्याजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर कापसाचे दोन ट्रक शेजारी शेजारी उभे आहेत असं समजा. मालासकट प्रत्येकी दहा टन, मध्यापासून मध्यापर्यंत अंतर तीन मीटर. हे ट्रक एकमेकांना ओढत असतात. किती? न्यूटनचं सूत्र सोपं आहे: दोन्ही वस्तुमानांचा गुणाकार करा, अंतराच्या वर्गाने भागा आणि गुरुत्व स्थिरांकाने गुणा. उत्तर येतं साधारण ७५ मिलिग्रॅम वजनाइतकं. म्हणजे तळहातावर एक सरकी! (हिशेब ढोबळ आहे, सगळं वस्तुमान मधोमध एकवटलंय असं धरलं.) ट्रक जागचा हलवायला याच्या लाखो पट जोर लागतो, म्हणून हँडब्रेक ओढायचा राहिला तरी ते एकमेकांना जाऊन चिकटत नाहीत.

आता कुणीतरी म्हणणारच, ‘न्यूटनचं काय सांगता, हे तर आपल्या भास्कराचार्यांनी आधीच सांगितलंय.’ त्यांची आठवण खानदेशाला असणं साहजिक आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचे नातू चांगदेव यांचा १२०७ सालचा शिलालेख आहे; आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला होता. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त आचार्य म्हणतात, पृथ्वीत आकर्षणाची शक्ती आहे, ती आकाशातल्या जड वस्तूला आपल्याकडे खेचते, आणि ती वस्तू पडल्यासारखी दिसते. पुढचा प्रश्न तर फारच झकास: चहूकडे सारखंच आकाश असताना पृथ्वी स्वतः पडणार कुठे?

पण यात खेचणारी फक्त पृथ्वी आहे. ट्रक ट्रकला ओढतो, सरकीसुद्धा पृथ्वीला ओढते, अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाईवर येते, हे १६८७ मध्ये न्यूटनने मांडलं. आचार्यांच्या नावावर ते खपवलं, तर त्यांचा खरा प्रश्नच बाजूला पडतो.

न्यूटनलाही ही ओढ दोन गोळ्यांत मोजता आली नव्हती. ते १७९८ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने केलं. तारेला टांगलेल्या आडव्या दांडीच्या टोकांना दोन छोटे शिशाचे गोळे, त्यांच्याजवळ दीडशे किलोंहून जड असे दोन मोठे. माणसाच्या अंगाच्या उबेनेही हवा हलेल म्हणून तो खोलीबाहेर उभा राहून दुर्बिणीतून दांडीचं वळणं पाहत असे. त्याने जी ओढ टिपली ती आपल्या सरकीचे चार-पाच हजार तुकडे केले, तर त्यातल्या एकाच्या वजनाइतकी होती.