सेकंड हँड छोटी एसयूव्ही घेताय? आधी मोबाइल जोडून बघा

मागच्या वर्षी मी २०१८ ची पेट्रोल कॉम्पॅक्ट एसयूव्ही सेकंड हँड घेतली. लांबी ४ मीटरच्या आत, त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावते आणि पुण्यातले स्पीडब्रेकर खालून घासत नाहीत. टेस्ट ड्राइव्ह घेतली, डॅशबोर्ड स्वच्छ दिसला आणि त्याच दिवशी गाडी घरी आणली. घाईच केली. नवव्या दिवशी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये चेक इंजिन लाइट लागला.

स्टिअरिंगच्या खाली एक १६ पिनांचं ओबीडी-२ पोर्ट असतं. त्यात ब्लूटूथ डोंगल लावून मी टॉर्क ॲप उघडलं. कोड आला पी०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धूर नीट साफ करत नाहीये. (कधी कधी दोष ऑक्सिजन सेन्सरचा किंवा सायलेन्सरच्या लीकचाही असतो, म्हणून लगेच महागडा पार्ट बदलू नका.) पण खरा धक्का दुसऱ्याच आकड्याने दिला. कोड पुसल्यापासून गाडी चालली होती ३१२ किमी, आणि माझ्या हातात त्यातले ३००. म्हणजे मला दाखवायच्या जरा आधी कोणीतरी दिवा विझवला होता!

हे आधी कसं पकडायचं? कोड पुसला की कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्यासुद्धा रीसेट होतात. ॲपमध्ये ‘रेडिनेस’ उघडा. बऱ्याच चाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या तर कोड नुकताच पुसलाय किंवा बॅटरी काढली होती. त्या पूर्ण व्हायला बहुतेक वेळा काही दिवस शहरात आणि हायवेवर गाडी चालवावी लागते, त्यामुळे हे पाच मिनिटांत लपवता येत नाही. किलोमीटरचा आकडा मात्र प्रत्येक गाडी देईलच असं नाही.

आयफोनवाल्यांनो, साधं ब्लूटूथ डोंगल तुमच्याकडे चालणार नाही, वायफाय किंवा ब्लूटूथ एलई वालं घ्या. आणि काम झालं की काढून ठेवा. स्वस्त डोंगलचा पिन बहुधा १२३४ असतो, शिवाय ते बंद गाडीतही बॅटरी खात राहतं.

बीएस-६ डिझेल बघत असाल तर अजून एक गोष्ट. रोजचा प्रवास चार-पाच किमीचाच असेल तर डीपीएफ फिल्टरमधली काजळी जळायला लागणारी उष्णता मिळत नाही आणि तो तुंबतो. अशा वापराला पेट्रोलच बरी. मी तरी तेच करतो, आणि सध्या दिवा बंद आहे. यावेळी खराखुरा.