भरपाई ही भीक नव्हे

मालमोटारीच्या धडकेनें घरांतील माणूस जायबंदी झालें, कीं "जीव वांचला, हेंच पुष्कळ" असें म्हणून मालकानें पुढें केलेले चार पैसे घ्यावयाचे व प्रकरण मिटवावयाचें, हा आपल्याकडील शिरस्ता आम्हांस घातक वाटतो. त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा प्रत्येक मोटारीस सक्तीचा आहे. चालकाचा निष्काळजीपणा दाखवून १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १६६ व्या कलमान्वयें अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करतां येतो. आपण राहतों त्या हद्दींतील न्यायाधिकरणाकडेहि तो चालतो. २०१९ च्या दुरुस्तीनें अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातली आहे. तेव्हां विलंब नको. फिर्यादीची नक्कल, रुग्णालयाचीं कागदपत्रें व औषधांच्या पावत्या जपून ठेवाव्या.

अवयव किती टक्के निकामी झाला एवढेंच न पाहतां त्यामुळें कमाई किती बुडेल हें पाहावें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं स्पष्ट केलें. गृहिणीच्या श्रमांचेंहि पैशांत मोल धरावें, असें त्याच न्यायालयानें २०२१ सालीं एका मृत्यूच्या दाव्यांत सांगितलें. न्यायालय जें मोल जाणतें, त्याविषयीं "ती कुठें मिळवती होती?" असा प्रश्न घरांतल्यांनीं तरी विचारूं नये.